वाळवंटातील घर आणि कोकणचा पाऊस

अलीकडे सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत जे विषय वारंवार निघतात, त्यांत 'निसर्गाला अनुकूल असे घर' हा एक झाला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. वीज जाळून थंड केलेली बंद खोली म्हणजेच सुख नव्हे, आणि पूर्वजांनी शेकडो वर्षे जी घरे बांधली ती केवळ अज्ञानापोटी बांधली नव्हती, इतके तरी आता मान्य होऊ लागले आहे. परंतु कोणत्याही चांगल्या कल्पनेची फॅशन झाली, की तिच्यातील विचार मागे पडतो व वेष तेवढा उरतो. या कल्पनेचेही तसेच होऊ घातले आहे. गुळगुळीत कागदावर छापलेल्या चित्रांत मातीचे घुमट, लहान लहान खिडक्या, दगडी जाळ्या, वाऱ्याचे मनोरे आणि सपाट छपरे पाहून आमचे हौशी गृहस्थ कोकणात जमीन घेतात आणि तशाच घराचा आग्रह धरतात. ही चित्रे बहुधा वाळवंटी मुलखातील असतात. आणि कोकण हे वाळवंट नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात जून महिना उजाडल्यावाचून येत नाही.

या आवडीस वैचारिक प्रतिष्ठा ज्या ग्रंथांनी मिळवून दिली, त्यांत हसन फथी या मिसरी वास्तुशिल्पज्ञाच्या 'आर्किटेक्चर फॉर द पुअर' या ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे. तो प्रथम १९६९ साली कैरोत 'गुर्ना : दोन गावांची कथा' अशा अर्थाच्या नावाने निघाला, व १९७३ साली शिकागो विद्यापीठाने तो नव्या नावाने प्रसिद्ध केला. या ग्रंथाचा आज पुन्हा विचार करावयाचा तो मिसरच्या वाळूत बसून नव्हे, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नांदगावच्या एखाद्या ओटीवर बसून करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ग्रंथ खरोखर थोर असेल, तर ज्या वाचकाच्या अंगणात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच्याही शंकांना त्याने उत्तर दिले पाहिजे.

प्रथम ग्रंथातील कथा सांगितली पाहिजे. फथी यांचा जन्म १९०० सालचा. शिक्षण कैरोत, आणि तेही युरोपीय पद्धतीचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकूड आणि पोलाद मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी मातीच्या कच्च्या विटांची घरे बांधावयास घेतली. भिंती उभ्या राहिल्या; प्रश्न आला छपराचा. लाकडाच्या आधारावाचून कमान वळवावयाची कशी? त्यांचे पहिले प्रयत्न कोसळले. तेव्हा अस्वान येथे नोकरीस असलेल्या त्यांच्या भावाने त्यांस सांगितले, की तिकडचे न्यूबियन गवंडी कसलाही आधार न देता अशी छपरे घालतात. १९४१ साली फथी तिकडे गेले, आणि जे विद्यापीठात कोणी शिकविले नव्हते ते त्यांनी खेड्यात पाहिले. टोकाच्या भिंतीला विटांचा पहिला थर कलता टेकवावयाचा, त्यावर दुसरा तसाच कलता लावावयाचा, आणि अशा रीतीने प्रत्येक थराने पुढच्या थराचा भार घ्यावयाचा. तुळई नाही, खांब नाही, साचा नाही. विद्वानाने गवंड्यापुढे शिष्य होऊन बसावे, हा या ग्रंथातील सर्वांत हृद्य भाग होय. आमच्याकडील इंजिनिअरिंग कॉलेजांतून तो सक्तीने वाचावयास लावला, तर काही बिघडणार नाही.

आता या वाळवंटी घराच्या रचनेतील मर्म पाहू. वाळवंटात दिवस जळता आणि रात्र थंड असते. दोहोंमध्ये पंधरा-वीस अंशांचे अंतर सहज पडते. तेथील हातभर जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता आपल्या पोटात घेते आणि ती आतल्या बाजूस पोहोचावयास आठ-दहा तास लावते. म्हणजे दुपारची धग आत येते ती रात्री, जेव्हा ती हवीशी वाटते. खिडक्या लहान, कारण बाहेरचा वारा हाच शत्रू. चौक मध्ये, कारण रात्रीची गार हवा त्यात साठून राहते. छपर सपाट किंवा घुमटाकार, कारण पाणी वाहून न्यावयाचेच नाही. आमच्या देशात जैसलमेरकडे गेल्यास हीच युक्ती दगडात केलेली दिसते : जाड भिंती, अरुंद गल्ल्या, आणि एका घराची सावली दुसऱ्यावर पडेल अशी दाटीची वस्ती. यांतील एकही अवयव शोभेकरिता जन्मलेला नाही. शोभा मागाहून आली. ती प्रयोजनाची कन्या होय.

हे सर्व मान्य केल्यावरही फथी यांच्या ग्रंथाचा शेवट विसरून चालत नाही. लक्सरजवळच्या गुर्ना गावचे सुमारे सात हजार लोक प्राचीन थडग्यांवर घरे करून राहत असत, आणि त्या थडग्यांतील वस्तू विकून पुष्कळांचे पोट चाले. त्यांस तेथून हलविण्याकरिता पुराणवस्तु-खात्याने १९४५ साली फथी यांजकडे नवे गाव वसविण्याचे काम सोपविले. त्यांनी मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह आणि काही घरे इतक्या प्रेमाने बांधली, की आजही त्यांची छायाचित्रे पाहून मन प्रसन्न होते. परंतु लोक राहावयास गेले नाहीत. काम अर्ध्यात थांबले. पुढे जी माणसे तेथे राहू लागली, त्यांनी जमिनीतील खारे पाणी भिंतींत चढल्यावर कित्येक घरे पाडून त्या जागी विटा-सिमेंटाची बांधली. फथी यांस १९८० साली जगाने मोठमोठे सन्मान दिले. मात्र गुर्नावासीयांनी त्यांस तो सन्मान दिला नाही.

या पराभवाचे खापर ग्रंथकार मुख्यतः सरकारी कारकुनीवर फोडतात, आणि कारकुनीचे जे वर्णन त्यांनी केले आहे ते वाचून आम्हां हिंदी वाचकांस परक्याचे घर पाहिल्यासारखे मुळीच वाटत नाही. तरीही टीकाकारास येथे थांबून विचारले पाहिजे : घर कोणाचे होते? ज्यांनी त्यात राहावयाचे, त्यांनी ते मागितले नव्हते. थडग्यांजवळची जागा सोडणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने पोटावर पाय आणणे होते. त्या घरांवर घुमट होते, आणि घुमट म्हणजे साधुसंतांच्या कबरीवरचे छप्पर, अशी तिकडील जनांची समजूत असल्याचे अनेक अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. फथी एकेका कुटुंबाशी बोलून घर आखावे असे म्हणत, हे खरे. पण गाव हलवावयाचे की नाही, हा प्रश्न त्या कुटुंबांस कोणी विचारलाच नव्हता. अशा रीतीने या ग्रंथात दोन धडे एकमेकांशेजारी बसलेले आहेत. एक धडा ग्रंथकाराने दिला : हवा, माती आणि हात यांचा विचार करून घर बांधा. दुसरा धडा त्याच्या पराभवाने दिला : ज्याला राहावयाचे आहे त्यास आधी विचारा. जगाने पहिल्याची चित्रे काढून घेतली आणि दुसरा पुस्तकातच ठेवला.

हे दोन्ही धडे हाती घेऊन आता नांदगावास यावे. मुंबई-गोवा महामार्गावर कणकवलीच्या अलीकडे, जेथून देवगडचा रस्ता फुटतो, तो नांदगाव तिठा पुष्कळ वाचकांनी गाडीतून पाहिला असेल. कोकण रेल्वेचे 'नांदगाव रोड' नावाचे स्टेशनही तेथे आहे. किनाऱ्यापासून थोडे आत, लाल कातळाचा आणि भातशेतीचा हा मुलूख. येथील जुने घर म्हणजे एक ग्रंथच होय, आणि तो वाचावयाचा तर वरून खाली वाचावा. कारण कोकणात घर म्हणजे आधी छप्पर आणि मग भिंती. रस्किनने १८४९ साली वास्तुकलेचे सात दीप सांगितले, पण त्यांत पागोळ्यांचा दीप नाही. तो कोकणात जन्मला असता तर आठवा दीप त्याने निश्चित लावला असता.

आढ्यापासून दोहों बाजूंस तीव्र उतार देऊन सोडलेले कौलारू छप्पर, त्याची वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेली, तिच्याखाली पडवी, मग ओटी, मग माजघर. पावसाची झड प्रथम पडवीवर पडते. भिंतीपर्यंत पोहोचते ती दमून. भिंत जांभ्या चिऱ्यांची. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होतो. मलबारात तो पाहूनच फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश प्रवाशाने विटेच्या लॅटिन नावावरून त्यास १८०७ साली 'लॅटराइट' हे नाव दिले. जोते उंच, म्हणजे ओल वर चढू नये. कौलांच्या फटींतून तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. वाळवंटातील घर वाऱ्यास दार लावते. हे घर वाऱ्यास वाट देते. कारण येथे पावसाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या उष्णमानात चार-सहा अंशांचेही अंतर पडत नाही. दिवसा साठविलेली उष्णता रात्री टाकावी तरी कोठे? येथे घामावरचा उपाय एकच, अंगावरून वारा जाणे. दोन्ही घरे एकाच बुद्धीची लेकरे आहेत, पण त्यांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांस आहेत. जो मनुष्य वाळवंटातील भिंत आणि लहान खिडकी उचलून कोकणात आणतो, तो फथी यांचा शिष्य नव्हे. तो त्यांचा नकलाकार होय.

येथे परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या तांबड्या कौलांस आपण आज कोकणची पुरातन शोभा म्हणतो, ती मंगलोरी कौले मुळी कोकणची नव्हेत. १८६५ च्या सुमारास बासेल मिशनच्या पाद्र्यांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून ती यंत्रात दाबलेली, एकमेकांत अडकणारी कौले समुद्रमार्गे साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्यापूर्वी नळीची कौले किंवा गवत, झावळ्या असत. म्हणजे आमची 'परंपरा' ही एके काळची परदेशी यंत्रविद्या होय. मग तिला कोकणाने आपली का म्हटले? ती पावसाच्या परीक्षेत उतरली म्हणून. यावरून असे दिसते, की जुन्याशी नव्याची सांगड घालणे हे काही आजच निघालेले शास्त्र नव्हे. आमच्या आज्यांनी व पणज्यांनी ते केले, आणि त्याची जाहिरात केली नाही.

तथापि जुन्या घराची स्तुती करताना सत्याशी प्रतारणा करू नये. ते घर अंधारे असे. त्याच्या स्वयंपाकघरात धूर कोंडे आणि तो ज्यांच्या डोळ्यांत जाई, त्या स्त्रियांनी घराच्या रचनेविषयी कधी मत दिल्याचे ऐकिवात नाही. जमिनी सारवावयाच्या त्याही त्यांनीच. दरवर्षी वैशाखात शाकारणी करावी लागे. एक वर्ष चुकले तर वासे कुजत. 'शाश्वत' हा शब्द आज या घरांस लावतात, तेव्हा हसू येते. ती घरे शाश्वत नव्हती, त्यांची निगा राखणारे हात तेवढे शाश्वत समजले गेले होते. आता ते हात मुंबईस गेले. गावातील एखाद्या वयोवृद्ध गृहस्थास 'कौले काढून स्लॅब का घातलीत?' असे विचारावे, तर तो शांतपणे म्हणतो, "मास्तर, कौलां परतूक आता माणसां खंय गावतत? आणि वरसून माकडां!" या एका वाक्यात जितके अर्थशास्त्र आहे तितके पुष्कळ प्रबंधांत नसते. वानरांच्या टोळ्या कौलांवर उड्या मारून ती फोडतात, सुताराची मजुरी परवडत नाही, सागाचा वासा सोन्याच्या भावाने मिळतो. अशा स्थितीत स्लॅब घालणारा मनुष्य मूर्ख आहे असे जो म्हणेल, त्याने आषाढात एक रात्र गळक्या कौलांखाली काढून मग बोलावे.

पण स्लॅबचीही परीक्षा होतेच. सपाट स्लॅबवर पाऊस उभा राहतो. पाच-सहा वर्षांत ती पाझरू लागते. आतील सळया गंजतात. उन्हाळ्यात ती दिवसभर तापते व रात्रभर खाली निजलेल्यांच्या अंगावर धग सोडते. वाळवंटात जो गुण होता तोच येथे दोष झाला. मग मालक काय करतो? स्लॅबवर लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करून त्यावर पत्र्याचे उतरते छप्पर घालतो. कोकणात आज कोणत्याही रस्त्याने जा, हे दृश्य दिसतेच. याचा अर्थ फार मोठा आहे. जे उतरते छप्पर मागच्या दाराने हाकलून लावले, ते पावसाने पुढच्या दाराने परत आणून बसविले. मात्र दोन छपरांचा खर्च एका घरास पडला. आणि त्यातही दुःख असे, की स्लॅब व पत्रा यांमधील मोकळी जागा दोहों बाजूंनी खुली ठेवली तर वारा खेळून घर पुष्कळ गार राहते; परंतु पुष्कळ ठिकाणी ती जागा अडगळीकरिता भिंती घालून बंद करतात. चुकून हाती आलेली युक्ती अशा रीतीने चुकूनच हातची जाते.

हे असे का होते? येथे गुर्न्याचा दुसरा धडा आठवावा. नांदगावच्या घराचा नकाशा पुष्कळदा ठरतो तो मुंबईत, डोंबिवलीत किंवा त्याही पलीकडे. पैसा चाकरमान्याचा असतो. तो गणपतीत दहा दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस येतो. त्यास वाटते, आपल्या घरास पाहुण्यांनी नावे ठेवू नयेत. ब्लॉकमध्ये आहे तसे सर्व येथे असावे. हे वाटणे स्वाभाविक आहे, त्यात प्रेमही आहे. पण वर्षाचे उरलेले अकरा महिने त्या घरात राहतात त्याचे वृद्ध आईबाप. तीव्र उन्हाची दुपार, दमट रात्र, वीज गेल्यावरचा काळोख आणि श्रावणातील ओल हे सारे त्यांच्या वाट्यास येते. लेकाने मोठ्या हौसेने बांधलेल्या बंगल्याच्या मागे, जुन्या मांगराच्या सावलीत म्हातारी दुपारची आडवी होते, हे चित्र कोकणात अपरिचित नाही. त्या बंगल्यावरची सर्वांत मार्मिक टीका तीच होय, आणि ती कोणी छापत नाही. बांधणारा एक, पैसा देणारा एक आणि राहणारा तिसरा, ही गुर्न्याची कथा नव्हे काय?

मग यावर उपाय काय, असे वाचक विचारतील, आणि ते विचारणे रास्त आहे. उपाय सुचविण्याकरिता फार दूर जावयास नको. नांदगावाप्रमाणेच याच जिल्ह्यातल्या आचरे गावी १९१६ साली अच्युत कानविंदे जन्मले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून, पुढे हार्वर्डला ग्रोपियस यांचे शिष्य होऊन ते परतले, आणि स्वतंत्र भारतातील आधुनिक वास्तुकलेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना झाली. त्यांची सुरुवातीची कामे पाश्चात्य वळणाची. परंतु गुजरातेत मेहसाण्याची जी डेअरी त्यांनी आठव्या दशकात उभारली, तिच्या माथ्यावर आतील तापलेली हवा बाहेर टाकणारे उंच धुराड्यासारखे मनोरे आहेत. वाऱ्याच्या मनोऱ्याची जुनी कल्पना सिमेंट-काँक्रीटच्या कारखान्यात अशी नव्याने जन्मास आली. तेथे घुमटाची नक्कल नाही, जाळीचा देखावा नाही. 'तापलेली हवा जाणार कोठून?' हा जुना प्रश्न तेवढा आहे. अनुकरण आणि अभ्यास यांतील भेद ज्यास समजून घ्यावयाचा असेल, त्याने हे उदाहरण पाहावे.

दुसरे उदाहरण लॉरी बेकर यांचे. हा १९१७ साली बर्मिंगहॅमास जन्मलेला इंग्रज १९४५ साली हिंदुस्थानात आला, गांधीजींच्या भेटीचा संस्कार घेऊन येथेच राहिला, आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे वारला. केरळचा पाऊस हा कोकणच्या पावसाचा सख्खा भाऊ. म्हणून बेकर यांची शिकवण आम्हांस फथींपेक्षा जवळची आहे. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या जाडीतील काँक्रीट भार उचलीत नाही, तेथे काम सळयांचे असते. तेव्हा सळयांच्या मधल्या चौकटींत टाकाऊ मंगलोरी कौले बसवावी म्हणजे काँक्रीट वाचते, वजन घटते व उष्णताही कमी उतरते, ही त्यांनी रूढ केलेली रीत. नांदगावात जुने घर उतरवले की कौलांचा ढीग परसात पडून राहतो. त्या ढिगाचे सोने करण्याची ही विद्या आहे.

या साऱ्याचा नांदगावापुरता मेळ घालावयाचा तर तो अवघड नाही. भिंती चिऱ्यांच्या असाव्यात, आणि चिऱ्यास सिमेंटच्या जाड गिलाव्याने कोंडू नये. त्याचा दर्जा भरून उघडा ठेवला तर तो ओलीनंतर सुकू शकतो. वासे परवडत नसतील तर लोखंडी पाइपांचा सांगाडा खुशाल घ्यावा, पण वर कौले आणि त्यांखाली पातळ कौलांचा दुसरा थर द्यावा. वानराने वरचे कौल फोडले तरी पाणी थेट अंथरुणावर येत नाही. वळचण पुरती पुढे काढावी, विशेषतः नैर्ऋत्येस व पश्चिमेस, जिकडून झड येते. स्लॅब हवीच असेल तर ती न्हाणीघरावर व एखाद्या खोलीवर असावी, आणि तिच्यावर पत्रा येणारच हे आधीच जाणून दोहोंमधील वाट वाऱ्यास खुली राखावी. स्वयंपाकघरास उजेड आणि उंचावर झरोका असावा. जुन्याचा हा दोष जुना म्हणून जपू नये. यांत घुमट नाही, मनोरा नाही, चित्रात घेण्याजोगे फारसे काही नाही. परंतु फथी यांनी न्यूबियन गवंड्यापुढे बसून जो प्रश्न विचारला, तोच येथे स्थानिक चिरेबंदी गवंड्यास विचारलेला आहे.

तात्पर्य, फथी यांचा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि तो वाचून घुमट बांधू नये. थोर ग्रंथाकडून उत्तरे उसनी आणणारा वाचक त्याचा अपमान करतो. प्रश्न उसने आणणारा त्याचा वारसा चालवितो. आणि नवे घर पुरे झाल्यावर ते उत्तम साधले की नाही हे ठरविण्याचा अधिकार वास्तुशिल्पज्ञास नाही, मासिकातील टीकाकारास नाही, गणपतीस आलेल्या पाहुण्यासही नाही. वैशाखातल्या दुपारी आणि आषाढातल्या रात्री जी माणसे त्या घरात असतील, त्यांस स्वस्थ झोप लागली तर घर साधले. घर आखण्यापूर्वी एवढे तरी करावे, की कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यापाशी बसावे आणि ती दुपारची कोठे आडवी होतात हे विचारावे.